'उत्तरोत्तर' की 'टप्प्याटप्प्याने'?

तळटीप: दक्षिण आफ्रिकेतल्या ग्रूटबूम खटल्यावरचा (२०००) लेख मराठीत आणतेय. तिथल्या राज्यघटनेचं कलम २६ म्हणतं, घराच्या हक्काचं 'प्रोग्रेसिव्ह रिअलायझेशन' व्हावं म्हणून सरकारने आहे त्या साधनांत वाजवी उपाय करावेत. मी 'टप्प्याटप्प्याने पूर्तता' लिहिलं, संपादकांनी खोडून 'उत्तरोत्तर' केलं. मला तर 'आपली उत्तरोत्तर प्रगती होवो'वालं भेटकार्डच आठवतं.

निवृत्त कारकून: आमच्या खात्यात याला एकच शब्द होता. यथावकाश.

वाळवण: संपादकांचं बरोबर आहे. आमच्या गल्लीत 'नळजोडणी टप्प्याटप्प्याने देण्यात येईल' अशी पाटी होती. पाटी गंजून पडली, दुसरा टप्पा काही आला नाही.

तळटीप: पण कोर्टाने नेमकी तीच सबब नाकारली ना! योजना कितीही लांब पल्ल्याची असो, आज ज्यांच्या डोक्यावर छप्परच नाही त्यांच्यासाठी तिच्यात काही नसेल तर ती वाजवी नाही, असा निकाल आहे. मात्र मागेल त्याला लगेच घर द्या, असंही म्हटलं नाही. ज्यांच्या नावाने खटला ओळखला जातो त्या आयरीन ग्रूटबूम २००८ मध्ये वारल्या, तेव्हाही झोपडीतच राहत होत्या.

निवृत्त कारकून: मग 'यथावकाश'चं काय चुकलं?

शुद्धमती: आधी 'हक्क' काढा. अरबी आहे. 'अधिकार' लिहा.

वाळवण: राज्यघटनेच्या मराठी प्रतीत 'मूलभूत हक्क'च आहे हो. आणि 'हक्काचं घर' कळतं. 'अधिकाराचं घर' म्हटलं की साहेबांचा बंगला वाटतो.

शुद्धमती: मग माहितीचा अधिकार कसा चालतो?

चिंचोके: शब्द कुठलाही घ्या. १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात सुप्रीम कोर्टाने उपजीविका ही जगण्याच्या हक्कातच धरली, आणि तरी मुंबईच्या फुटपाथवरच्या झोपड्या हटवायला हरकत घेतली नाही. फक्त पावसाळा सरू द्या, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा, एवढंच.

शुद्धमती: फुटपाथ नव्हे, पदपथ.

चिंचोके: पदपथावर कोणी झोपल्याचं ऐकलंय का तुम्ही?

तळटीप: अहो, लेख उद्या द्यायचाय.

वाळवण: पदपथ आमच्या नागरिकशास्त्राच्या बाईही म्हणायच्या. घरी जाताना मात्र फुटपाथवरूनच जायच्या.