प्रतिसाद: स्क्रम्प्शस आणि सम्प्च्युअस

'स्क्रम्प्शस म्हणजे डिलिशसच ना?' असा प्रश्न आलाय. या दोन्ही इंग्रजी शब्दांचा अर्थ तोच, 'चविष्ट', पण बाज वेगळा. स्क्रम्प्शस हा घरगुती, लाडाचा शब्द. ओव्हनमधून नुकताच काढलेला ॲपल पाय, वर साय ओतलेलं पुडिंग, मुलाच्या वाढदिवसाचा केक, इथे तो शोभतो. वाईनच्या गंभीर परीक्षणात मात्र खटकेल. १९व्या शतकात अमेरिकेत तो आधी 'झकास, ऐटदार' अशा अर्थाने रुळला, खाण्याशी त्याची गाठ नंतर पडली.

तो बहुधा सम्प्च्युअसचंच बदललेलं रूप आहे, आणि खरा घोळ या सम्प्च्युअसचा आहे. आपल्याकडे लग्नाच्या जेवणाला सर्रास 'सम्प्च्युअस' म्हणतात आणि त्यातून 'चविष्ट' सुचवतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ खर्च! म्हणजे सम्प्च्युअस जेवण हे थाटामाटाचं, सढळ हाताने वाढलेलं. पंचवीस पदार्थ मांडून एकही धड न जमलेली पंगतही सम्प्च्युअस असू शकते. उलट गरम पिठलं-भाकरी खुशाल स्क्रम्प्शस म्हणा, सम्प्च्युअस नको.

आणि हो, 'व्हेरी डिलिशस' शक्यतो टाळा. डिलिशसमध्ये 'फार' आधीच आलंय. जोर द्यायचाच तर 'ॲब्सोल्युटली डिलिशस' जास्त सहज वाटतं.