मलबार नीम लावा, पण पाणी धरणाऱ्या वावरात नको
भाऊ, मलबार नीमचं सहा वर्षांत प्लायवूडचं लाकूड होतं असं तुमचा नर्सरीवाला म्हणतो, ते अगदीच हवेतलं नाही. हे झाड सहा-आठ वर्षांत सोलाईच्या, म्हणजे प्लायवूडसाठी खोडाचा पातळ पापुद्रा काढायच्या, कामाचं होतं, तेवढ्यात सागाला धड गाभाही धरत नाही. पण तुम्ही पाचही एकर काळ्या वावरात लावायचं म्हणता, तिथं थांबा. या झाडाला निचरा लागतो. आपल्या भारी जमिनीत श्रावणात पाणी तुंबलं की मुळं सडतात, रोपं पिवळी पडून बसतात. मुरमाड, उताराचा तुकडा असेल तर तोच द्या. बाजूच्या फांद्या कोवळ्या असतानाच खोडालगत छाटत राहा. गाठाळ खोडाचा पापुद्रा फाटतो, मग व्यापारी जळाऊच्या भावात मागतो. पहिली दोन-तीन वर्षं मधात सोयाबीन, हरभरा निघतो. आणि कारखाना किती लांब ते आधी विचारा, वजनावर विकायच्या मालाचा नफा ट्रकभाडंच खातं.

धुऱ्यावर मात्र मानवेल बांबू लावाच. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वन कायद्यात बांबू ‘झाड’ राहिला नाही, त्यामुळे सागाच्या तोडीसारखी परवानगीची पायपीट नाही. फक्त शेजाऱ्याच्या हद्दीपासून जरा आत लावा, नाहीतर भांडण ठरलेलं.