मदत हवी आहे : रोजच्या पाच कामांचा क्रम कसा ठरवावा?

सर्वांना नमस्कार. कोल्हापुरात उद्यमनगरात माझे लेथकामाचे छोटे वर्कशॉप आहे. पूर्वी मी रोज रात्री दुसऱ्या दिवसाची पंधरा-वीस कामे वहीत लिहीत असे. मोजकी सहा कामे महत्त्वाच्या क्रमाने लिहावीत आणि पहिले पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये, ही आयव्ही ली यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत वाचल्यापासून मी यादी पाच कामांवर आणली, आणि त्याचा निश्चित उपयोग झाला.

अडचण क्रमाची आहे. जीएसटीच्या मासिक विवरणपत्रांपैकी जीएसटीआर-१ साठी ११ तारीख आणि ३बी साठी २० तारीख ठरलेली असल्याने ती कामे वेळ आली की आपोआप वर सरकतात, आणि समोर उभ्या असलेल्या ग्राहकाचे कामही थांबत नाही. परंतु ज्यांना तारीखच नाही, म्हणजे जुन्या लेथची दुरुस्ती किंवा नव्या मुलाला ड्रॉइंग वाचायला शिकवणे, ती कामे महिनोन्‌महिने पाचव्या क्रमांकावरच राहतात. त्या मुलाचे शिकणे खोळंबते, याची मला विशेष खंत वाटते.

तातडीचे आणि महत्त्वाचे अशी चार चौकोनांत विभागणी करून पाहिली, पण दुपारपर्यंत सारे पहिल्याच, म्हणजे तातडीच्या आणि महत्त्वाच्या, चौकोनात जमा होते.

आपल्यापैकी स्वतःचा व्यवसाय सांभाळणाऱ्यांनी कृपया सांगावे : तारीख नसलेल्या कामाला आपण सकाळचा पहिला तास देता का? आणि मध्येच नवे काम आले, तर यादीतील कोणते काम उद्यावर ढकलायचे, हे कशावरून ठरवता?