प्रतिसाद: पोट बांधून फट भरत नाही

ताई, बाळंतपणानंतर पोटाच्या मधोमध स्नायूंमध्ये पडलेली फट पोट बांधून भरेल का, आणि कुणी सुचवलेल्या सिट-अप्स कराव्यात का, असं तुम्ही विचारलंय. साताऱ्याकडे बाळंतिणीचं पोट बांधतातच. त्याने आधार मिळतो, पण स्नायू बळकट होत नाहीत. फार आवळलं तर दाब खाली ओटीपोटावर येतो.

आधी फट तपासा. उताणं झोपून गुडघे दुमडा, डोकं जरासं उचला आणि बेंबीच्या वर, बेंबीवर, खाली बोटं आडवी दाबा. दोन बोटांहून जास्त रुतली तर फट आहे. बोटं किती खोल जातात तेही बघा. तळाशी ताण लागत असेल तर रुंदी थोडी जास्त असली तरी चालतं.

तुम्हाला सुचवलेल्या सिट-अप्स (उताणं झोपून उठून बसायचा व्यायाम) आत्ता नकोतच. कुठलाही व्यायाम करताना पोटाच्या मधोमध उंचवटा दिसला की तो थांबवायचा. त्याऐवजी श्वास सोडत, लघवी रोखल्यासारखं करून बेंबीखालचं पोट हळूच आत घ्या. ५ ते १० सेकंद धरा, १० वेळा, दिवसातून दोन-तीनदा. श्वास कोंडायचा नाही. बहुतेकींचं इथेच चुकतं. जमलं की टाच जमिनीवरून सरकवत एकेक पाय लांब करा.

उठताना कुशीवर वळा. हंडा, बादली उचलताना श्वास सोडा. सिझेरियन असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बाळंतपणाला आठ आठवडे उलटूनही फट तशीच असेल तर फिजिओथेरपिस्ट गाठा. दुखरा फुगवटा असेल तर हर्नियासाठी लगेच तपासून घ्या.