स्वप्नातला गुलाल

वर एकांनी लिहिलंय की स्वप्नं मुळात कृष्णधवलच असतात, रंग आपण जाग आल्यावर भरतो. मला हे पटत नाही. डोळा प्रकाशाची खबर पोचवतो, पण रंगाची जाणीव पुरी होते ती मेंदूच्या मागच्या भागात, आणि डोळे मिटले म्हणून तो भाग बंद पडत नाही. मेंदूला इजा होऊन रंगदृष्टी गेलेल्या काहींची स्वप्नंही बेरंगी झाल्याची नोंद आहे. म्हणजे जागेपणीच्या आणि स्वप्नातल्या रंगांचा कारखाना एकच.

१९४० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांना विचारलं तेव्हा बहुतेकांनी स्वप्नात रंग क्वचितच दिसतात असं सांगितलं. २००० नंतर तेच विचारलं तर चित्र उलटं! २००८ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधक इव्हा मर्झिन यांना आढळलं की लहानपणी कृष्णधवल टीव्ही पाहिलेल्या वयस्कर लोकांत करड्या स्वप्नांचं प्रमाण जास्त आहे. स्वप्नं बदलली की फक्त आठवण, हा वाद अजून आहे.

आमच्या आजीनं कोल्हापुरात टीव्ही पाहिला तोच पन्नाशीनंतर. तिच्या स्वप्नात जोतिबाच्या चैत्र यात्रेतला गुलाल हमखास असायचा, पार पायऱ्या गुलाबी झालेल्या. पण सोबतच्या बायकांच्या लुगड्यांचे रंग विचारले की म्हणायची, "ते काय ध्यानात न्हाई बघ." मला वाटतं, ज्या रंगात जीव गुंतलेला असतो तोच जागेपणी उरतो, बाकीचे दिसतात, पण लगेच विरतात. उद्या उठल्याबरोबर, अंथरुणातच, आधी रंग लिहून काढा आणि इथं सांगा.