किलिनला गेला होतात? मग लिहा

आई-बाबा भारतातून आले की एडिंबराचा किल्ला होतो, लॉख नेसची बोट होते. पुढे काय? यंदा आम्ही किलिन गाठलं. स्कॉटलंडमधल्या लॉख टे तलावाच्या टोकाचं छोटंसं गाव, ग्लासगोहून गाडीने दीड-पावणेदोन तास. धबधबा म्हटल्यावर आई मान वर करून शोधत होती. डॉखर्टचा धबधबा आडवा आहे, खडकांवरून फेसाळत पुलाखाली पसरतो. मग कातळावर तिने जी बसकण मारली ती दोन तास. पूल १७६० चा आणि अरुंद, फोटो काढताना पोरांचे हात धरा. तुम्ही काय केलंत तिथे? फजिती आधी सांगा!

*

फजिती ना? ही घ्या. किलिनजवळचा डोंगर बेन लॉअर्स, १२१४ मीटर. कळसूबाई १६४६. "हे तर टेकाड," असं मीच म्हणालो होतो. त्यात गाडीतळच चारशेच्या आसपास. धापा टाकत माथ्यावर पोचलो, मिठ्या मारल्या, सेल्फी झाला. तेवढ्यात ढग फाटला आणि समोर खरा बेन लॉअर्स! आम्ही उभे होतो बेन ग्लासवर, ११०३. आता उतरा आणि पुन्हा चढा. वाऱ्याने टोपी गेली ती गेलीच. डोंगर चार हजार फुटांना थोडा कमी पडतो, म्हणून १८७८ साली लोकांनी वर दगडांचा उंच ढीग रचला होता म्हणे. त्यांची तळमळ मला त्या दिवशी कळली.

*

बेन लॉअर्सच्या वाटेवर सुरुवातीला कुंपण लागतं, ते पाहिलंत का? मेंढ्या आणि हरणं आत येऊ नयेत म्हणून. आपल्याकडची चराईबंदीच. आत बर्च आणि विलो उगवलेत, बाहेर नुसतं गवत. मी शिखरापर्यंत गेलेच नाही, तिथेच फुलं बघत बसले.

*

जुलै. तलावाकाठी तंबू. वारा पडला. मिजेस. एवढंच लिहितो. (डासांची जाळी चालत नाही, ही चिलटं तिच्यातून आत येतात. बारीक विणीची घ्या.)

*

मुलं बरोबर असतील तर तलावाच्या दुसऱ्या टोकाला, केनमोरजवळ, क्रॅनॉग केंद्र आहे. लोहयुगात इथले लोक पाण्यात खांब ठोकून त्यावर गोल घरं बांधायचे, तीच क्रॅनॉग. केंद्रातलं तसं घर २०२१ मध्ये जळालं, नवीन जागा २०२४ ला उघडली. काड्यापेटीशिवाय विस्तव कसा करतात ते दाखवतात. आमच्या धाकट्याने घरी येऊन लाटणं आणि पोळपाटावर प्रयोग केला. पोळपाट बाद.

*

माझं वय ७१, गुडघे बदललेले. माझ्यासारख्यांनी जुन्या रेल्वेची वाट धरावी. गाडी १९६५ ला बंद झाली, आता तिथून पायी तळ्यापर्यंत जाता येतं. सपाट आहे. जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो, त्यामुळे जेवून निघालो. परतताना सुनेने विचारलं, बाबा, छत्री कुठेय? बाकावर राहिली होती. दुसऱ्या दिवशी गेलो तर तिथेच, कुणीतरी नीट मिटून ठेवलेली.