मदत हवी आहे: ऑपरेशन चांगलं झालं, पण आई समाधानी नाही

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन ६ आठवडे झाले. तपासणीत ६/६, म्हणजे लांबचं अगदी नॉर्मल दिसतंय, डॉक्टर खूश आहेत. आई मात्र हिरमुसली आहे. पेपर हातात घेते, लांब धरते, जवळ आणते आणि घडी घालून ठेवून देते. आईला बसवलेल्या मोनोफोकल (एकाच अंतरावरचं स्पष्ट दाखवणाऱ्या) लेन्सने लांबचं स्वच्छ दिसतं, वाचायला चष्मा लागतोच, हे आम्हाला आधी कुणी नीट सांगितलंच नाही. रात्री दिव्यांभोवती वलयंही दिसतात म्हणते.

डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे, पण आता ती ‘नकोच’ म्हणतेय. फार वाईट वाटतं.

वाचनाचा चष्मा आत्ताच करावा की दुसरा डोळा झाल्यावर? वलयं किती दिवसांनी कमी झाली? आणि या वेळी लेन्स ठरवण्याआधी डॉक्टरांना नेमकं काय विचारू? अनुभव असेल तर कृपया सांगा.